थंडीत उभा ठेवलेला हेर आणि आमच्या नाक्यावरचे मुन्शी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय. सिनेमाचा शेवट यात सांगितला आहे. आधी सिनेमा बघायचा असेल तर इथंच थांबा आणि नंतर परत या.)

आज घरूनच बोलतोय, धाराशिवहून. मागं कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

हेरपटांवर एक भाग करा, असं बरेच जण सांगत होते. मी टाळत होतो, कारण हेरपट म्हटलं की लोकांना बॉन्ड हवा असतो. गाड्या, बंदुका, शेवटी एक मोठा स्फोट आणि समुद्रकिनारा. त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. पण मागच्या दिवाळीत वडिलांसोबत एक जुना सिनेमा बघितला आणि तो संपल्यावर वडील जे बोलले, त्यामुळं हा भाग करावाच लागला. ते काय बोलले हे नंतर. आधी सिनेमा.

'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'. १९६५ सालचा, कृष्णधवल, ११२ मिनिटांचा. दिग्दर्शक मार्टिन रिट, मुख्य भूमिकेत रिचर्ड बर्टन. जॉन ल कारे यांच्या १९६३ साली आलेल्या त्याच नावाच्या कादंबरीवरून केलेला. या लेखकाचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. कादंबरी लिहिली तेव्हा ते पश्चिम जर्मनीत बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत नोकरीला होते, आणि ती नोकरी म्हणजे वरचा मुलामा होता. आतून ते ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याचेच माणूस. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये पूर्व आणि पश्चिम भाग तोडणारं कुंपण पडलं, मग त्याची भिंत झाली. ते सगळं त्यांनी जवळून बघितलेलं. खोटं नाव घेऊन लिहावं लागलं ते याच नोकरीमुळं.

आता नावातली ही 'थंडी' म्हणजे काय? ही डिसेंबरची थंडी नाही. आपल्याकडं माघात ज्वारी हुरड्याला आली की रात्री राखणीला कुणीतरी माळ्यावर जातं. घरचे सगळे गोधडीत, आणि हा एकटा तिकडं उघड्यावर. तसा शत्रूच्या मुलखात किंवा त्याच्या कडेला एकटा काम करणारा हेर म्हणजे थंडीत असलेला माणूस. त्याला परत बोलावून टेबलावर बसवलं, पेन्शनीची सोय केली, की तो थंडीतून आत आला. सिनेमाचा नायक अॅलेक लीमस याला आत यायचंय. थकलाय तो. आणि त्याचा साहेब त्याला अगदी गोड आवाजात, चहा ओतता ओतता सांगतो की अजून थोडे दिवस बाहेर राहा. या साहेबाला सिनेमात नावच नाही, सगळे त्याला फक्त 'कंट्रोल' म्हणतात.

सुरुवात होते बर्लिनच्या चेकपोस्टवर, रात्री. लीमस पश्चिमेच्या बाजूला उभा आहे. त्याचा पूर्वेतला शेवटचा चांगला खबऱ्या, कार्ल रीमेक, सायकलवरून सीमा ओलांडायला निघालाय. ओलांडता ओलांडता त्याला गोळ्या घालतात. पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातला मुंट नावाचा अधिकारी लीमसची माणसं एकेक करून संपवतोय. मग लंडनमध्ये ठरतं की मुंटचाच काटा काढायचा. त्यासाठी लीमसनं नोकरीवरून काढून टाकल्यासारखं वागायचं. दारू प्यायची, उधारी करायची, लोकांशी भांडायचं. एका ग्रंथालयात किरकोळ नोकरी. तिथं नॅन नावाची मुलगी भेटते. ती कम्युनिस्ट पक्षाची साधी सभासद आहे आणि मनापासून तिचा त्यावर विश्वास आहे. एक दिवस उधार न देणाऱ्या किराणा दुकानदाराला लीमस भर दुकानात मारतो आणि तुरुंगात जातो. (हा दुकानदार झालाय बर्नार्ड ली, म्हणजे बॉन्डपटांमधला त्याचा साहेब 'एम'! ज्यांनी पात्रनिवड केली त्यांना हसू आलं असणार.) सुटून बाहेर आला की समोरच्या बाजूची माणसं त्याला हेरतात. पैसे देतो, माहिती दे. इंग्लंडातून हॉलंड, हॉलंडमधून पूर्व जर्मनी.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण या सिनेमाची खरी यंत्रणा इथं आहे आणि पहिल्यांदा बघताना ती हातातून निसटते. माझ्या हातून निसटली होती. होस्टेलवर पेनड्राइव्हवरून बघितला होता, अर्ध्यात झोप लागली, आणि 'भाषणंच फार आहेत' असं म्हणून सोडून दिला होता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात हेरांची व्यवस्था आहे. संन्याशाच्या वेशातला, व्यापाऱ्याच्या वेशातला, भिक्षुकी, विष देणारा, असे प्रकार दिलेत. त्यात एक नियम आहे: तीन वेगवेगळ्या हेरांकडून एकच बातमी आली तर ती खरी मानावी. अगदी व्यवहाराचा नियम. गावातही आपण तेच करतो. एकानं सांगितलं तर 'असेल', तिघांनी सांगितलं तर 'आहे'.

आता बघा लंडननं काय केलं. मुंटचा हाताखालचा अधिकारी आहे फीडलर. हुशार, ज्यू, आणि आपल्या विचारांवर निष्ठा असलेला. मुंट पूर्वी नाझी होता आणि फीडलरला त्याचा आधीपासून संशय आहे. म्हणजे एक पुरावा फीडलरच्या डोक्यात तयारच आहे. दुसरा पुरावा, बँका. लीमसनं खोट्या नावानं कोपनहेगन आणि हेलसिंकीला जाऊन पैसे भरलेले असतात, कुणासाठी ते त्याला सांगितलेलं नाही. फीडलर बँकांकडून पैसे काढल्याच्या तारखा मिळवतो, आणि त्या तारखा मुंटच्या दौऱ्यांशी जुळतात. तिसरा पुरावा खुद्द लीमस. आणि तो काय म्हणतो? तो म्हणतो, शक्यच नाही! मुंट आमचा माणूस असता तर बर्लिनचा प्रमुख म्हणून मला कळलं नसतं का? तो जितका चिडून नाही म्हणतो तितका फीडलरला ते खरं वाटतं. खोटं पटवून द्यायला पाठवलेला माणूस ते स्वतःच नाकारतो, यापेक्षा पक्की साक्ष कुठली? तीन धागे तीन दिशांनी आले, एकाच गाठीला.

लीमसला वाटतंय की आपण एका निर्दोष शत्रूवर खोटा आळ आणतोय. हे तो मान्य करून आलाय, मुंटबद्दल त्याला दया नाही.

मग चौकशी मंडळासमोर खटला उभा राहतो, आणि मुंटचा वकील नॅनला साक्षीला आणतो. पक्षानं तिला सहलीचं आमंत्रण देऊन पूर्व जर्मनीत आणलेलं असतं, तिला काहीच माहीत नाही. ती खरं तेच सांगते: लीमस तुरुंगात असताना स्मायली नावाचा माणूस माझ्याकडं आला होता, काही मदत लागली तर सांग म्हणाला. झालं. नोकरीवरून काढलेल्या दारुड्याच्या मैत्रिणीची काळजी लंडनच्या हेरखात्याला कशाला? लीमसचं सोंग उघडं पडतं, फीडलर गद्दार ठरतो, मुंट सुटतो. आणि त्याच क्षणी, बर्टनच्या चेहऱ्यावर, काहीही न बोलता, आपल्याला कळतं की त्याला आत्ता कळलंय. ही चूक नव्हती. स्मायली मुद्दाम गेला होता. मुंट खरोखरच लंडनचा माणूस आहे. फीडलर बरोबर होता, आणि त्याला संपवण्यासाठीच हे सगळं होतं. लीमसला पाठवलं होतं ते पकडलं जाण्यासाठी.

अर्थशास्त्रात अशा माणसाला शब्द आहे, 'उभयवेतन'. दोन्हीकडून पगार घेणारा. आणि कौटिल्य पुढं असंही सांगतो की आपल्या बाजूनं असा माणूस पाठवताना त्याची बायकापोरं आपल्या ताब्यात ठेवावीत. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आहे, पण नॅनच्या साक्षीनंतर ते वाचा. माणूस ज्याच्यावर जीव लावतो तो त्याचा लगाम, हे लंडनला पण ठाऊक होतं.

आता दोनचार गोष्टी पटापट, कारण त्या सांगितल्याशिवाय सिनेमावाले मला सोडणार नाहीत. सिनेमात दिसणारी बर्लिनची भिंत आयर्लंडमधली आहे, डब्लिनच्या स्मिथफील्ड भागात तिचा सेट उभा केला होता. कॅमेरा ऑस्वल्ड मॉरिस यांचा. रंगीत सिनेमे सर्रास निघत होते तेव्हा हा कृष्णधवल काढला, आणि काळा-पांढरा म्हणण्यापेक्षा त्याला राखाडीच म्हणावं लागेल. ओल्या सिमेंटचा रंग. कादंबरीत नॅनचं नाव लिझ आहे. बर्टनची तेव्हाची बायको एलिझाबेथ टेलर, म्हणून ते नाव बदललं असं सांगतात. कादंबरीत ती ज्यू आहे, सिनेमात तसं काही येत नाही, आणि हा बदल मला खटकतो. माजी नाझी वाचतो आणि ज्यू मरतात, हा कादंबरीतला सगळ्यात कडू घोट होता, तो थोडा पातळ झाला. पटकथेत दोघांचं नाव आहे, त्यातले पॉल डेन यांनी आदल्याच वर्षीच्या 'गोल्डफिंगर' या बॉन्डपटाच्या पटकथेवरही काम केलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः ब्रिटिश गुप्त खात्यात होते. म्हणजे त्यांना दोन्ही प्रकारचे हेर ठाऊक होते, खरे आणि तिकीट खपवणारे. दिग्दर्शक रिटचं सांगायचं तर अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांना टीव्हीवरचं काम बंद झालं होतं. कुणीतरी आपल्याबद्दल कुणाला तरी काहीतरी सांगितलंय आणि आपण ते खोडूच शकत नाही, ही अवस्था त्यांनी भोगलेली. बर्टनला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. बाफ्टाचे मात्र मिळाले, त्याला आणि सिनेमाला पण.

आता वडील.

सिनेमा संपला, वडील जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हा आपल्या मुन्शीसारखाच झाला की."

मी म्हटलं, "कोण मुन्शी?"

तर, थोडं मागं जावं लागेल. नव्या पिढीतल्या किंवा पुण्यामुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामावरून, उस्मान अली खानवरून. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं. शेजारची बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. म्हातारी माणसं आमच्या बाजूला 'मोगलाई' म्हणायची. मध्ये सीमा, आणि सीमेवर निजामाच्या जकातीचे नाके, त्याला करोडगिरीचे नाके म्हणायचे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर पलीकडं स्वतंत्र भारत आणि अलीकडं निजाम. रझाकारांचा धुमाकूळ होता. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. पलीकडं बार्शी-सोलापूरच्या बाजूला संस्थानातल्या कार्यकर्त्यांचे सरहद्दीवरचे कॅम्प होते. तिथून माणसं, कागद, हत्यारं इकडं यायची आणि इकडच्या बातम्या तिकडं जायच्या. भिंत नव्हती, शेतंच होती. पण चुकीच्या रात्री चुकीच्या बांधावर दिसलात तर परिणाम तोच.

आजोबा तेव्हा विशीतले. कॅम्पचे निरोप न्यायचे. गाव सीमेला लागून, आणि नाक्यावर एक मुसलमान मुन्शी होते, आल्यागेल्या मालाच्या नोंदी उर्दूत लिहायचे. कुटुंब गावातच, आमच्या गल्लीच्या टोकाला. या मुन्शींचा आणि आजोबांचा एक करार होता. नाक्याचा कंदील बाहेर ओट्यावर टांगलेला दिसला तर वाट मोकळी. कंदील आत असला तर त्या रात्री रझाकार आलेत, जाऊ नको. एवढंच. कुठं कागद नाही, तिसऱ्या माणसाला पत्ता नाही. आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून मुन्शींनी एकदा भर बाजारात आजोबांच्या कानाखाली वाजवली होती, सगळ्या गावासमोर शिव्या दिल्या होत्या. गावानं ती थप्पड लक्षात ठेवली. सिनेमात लीमस दुकानदाराला मारतो तेव्हा वडील खुर्चीत पुढं सरकून बसले होते, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या. सोलापूरकडून आलेल्या मुख्य तुकडीनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. पाच दिवसांत निजाम शरण आला. हा सगळा भाग दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंड्याखाली सांगतात. त्याच्यानंतरचे आठवडे सांगत नाहीत. रझाकारांवरचा राग, त्यांच्याशी काही संबंध असलेल्या आणि नसलेल्या, अशा सगळ्याच मुसलमान घरांवर निघाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं नंतर त्याची पाहणी केली, आणि ज्या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली त्यांत उस्मानाबाद आहे. तो अहवाल कितीतरी वर्षं सरकारी कपाटातच होता.

त्या दिवसांत आजोबा गावात नव्हते. तापानं फणफणून बार्शीला पडले होते. मुन्शी कोण होते हे माहीत असलेला गावाच्या बाजूचा एकच माणूस, आणि तो तिकडं.

"तुझ्या आजीला पण माहीत नव्हतं," वडील म्हणाले. "आजोबांनी तिला सांगितलंच नव्हतं. तिला ती थप्पडच माहीत."

एका रात्री मुन्शींची बायको आमच्या दाराशी आली. लहान पोर कडेवर. आजीनं आतून आवाज ओळखला. आणि कडी काढली नाही.

सकाळी मुन्शींचं घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. आजोबा बरे होऊन परत आले तोवर दाराची चौकटही कुणीतरी नेलेली. मग त्यांनी आजीला कंदिलाचं सांगितलं. पुढं कितीतरी दिवस ते गुलबर्ग्याकडं जाऊन चौकशी करायचे, काही लागलं नाही. आणि याच्यावर कडी म्हणजे आमचे चुलत आजोबा. ते शेवटपर्यंत म्हणायचे, मुन्शी दोन्हीकडं बातम्या द्यायचा. दोनदा कंदील बाहेर असून पोरं सापडली होती. असेल. नसेलही. वारा, विसर, बदललेली गस्त, काहीही असू शकतं. उभयवेतन होते की नव्हते, हे सांगायला तीन सोडा, एकही साक्षीदार नव्हता.

मी हा सिनेमा तीनदा बघितला होता आणि मला वाटायचं की तो लंडनच्या कपटाबद्दल आहे. आहेच. पण वडिलांनी त्यात वेगळंच बघितलं. सोंग जितकं चांगलं वठेल तितकं ते उतरवणं अवघड. लीमसला दारुडा आणि गद्दार ठरवायला सगळं खातं राबलं. आणि तो तसा नाही हे सांगणारी माणसं किती, तर दोन, कंट्रोल आणि स्मायली, दोघंही सुरक्षित जागी. मुन्शींचं तेच झालं. फक्त त्यांच्या बाबतीत कपट कुणाचंच नव्हतं. आजोबांनी गुपित पाळलं, तेव्हा ते बरोबरच होतं. म्हणून तर आजीला माहीत नव्हतं.

आता शेवट. मुंट लीमस आणि नॅनला पळायची वाट करून देतो. गाडीत नॅन त्याला विचारते की हे कसले लोक आहात तुम्ही, आणि तो तिला हेर म्हणजे काय ते सांगतो. ते भाषण प्रसिद्ध आहे, मी सांगत नाही, बर्टनच्या आवाजातच ऐका. मग भिंत. लीमस वर चढतो, नॅनला हात देऊन ओढत असतो, आणि तिला गोळी लागते. ती जिवंत राहणं मुंटला परवडणारं नाही. पलीकडून स्मायलीचा आवाज येतो, उडी मार म्हणून. लीमसला वाचता येतं. तो वरून एकदा बघतो आणि परत पूर्वेच्या बाजूला उतरतो, तिच्याजवळ. त्याला पण गोळी घालतात.

वडिलांनी तेवढा भाग परत लावायला सांगितला. मग विचारलं, "पलीकडून हाका मारतोय तोच ना, तिच्या घरी गेलेला?"

म्हटलं, "हो, तोच."

"मग तो भिंतीपाशी आला कशाला होता?"

मला उत्तर देता आलं नाही. कादंबरी परत वाचली, तिथंही सरळ उत्तर नाही.

तर सिनेमा बघा. एकट्यानं बघू नका, घरातल्या जुन्या माणसाला सोबत घ्या. सबटायटल लावा, बर्टन फार हळू पुटपुटतो. आणि एक विनंती. बार्शी-धाराशिव सीमेच्या गावांतलं, किंवा तिथून गुलबर्गा, बिदर, हैदराबादकडं गेलेलं कुणी हे ऐकत असेल, आणि घरात कुणी करोडगिरीत मुन्शी होतं अशी आठवण असेल, तर मला निरोप पाठवा. नाव मी मुद्दाम इथं घेतलेलं नाही. वडिलांना ते माहीत आहे, आणि त्या कडेवरच्या पोराचंही.